सातवं नाव

परीक्षेच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, कूलर पाठीशी घरघरत असतानाही नंदिनी लांजेवारला दरदरून घाम फुटला. समोर हॉल तिकिटांचा गठ्ठा होता आणि तो ती चौथ्यांदा उलटसुलट करून पाहत होती. तिकिटं सत्तावीस होती. वर्गात रोज येणारी माणसं अठ्ठावीस होती. गठ्ठ्यात नव्हतं ते एकच नाव, अंजनाबाई सहारे.

आता हे कॉलेज कसलं ते आधी सांगायला हवं, कारण ते जिथे आहे त्या हुडकेश्वरच्या लोकांनाही ते धड ठाऊक नाही. मंगल कार्यालयाच्या वरचा मजला, चार खोल्या, आणि बाहेर ‘सामुदायिक महाविद्यालय’ असा बोर्ड. लग्नसराईत त्या बोर्डावर हमखास कुणीतरी स्वागताचं बॅनर टांगतं आणि मग आठ-आठ दिवस कॉलेज गायब होतं. शाळा सुटलेल्यांनी, पोटापाण्याला लागलेल्यांनी, पोरंबाळं झालेल्यांनी पुन्हा शिकावं म्हणून सरकारने काढलेली ही योजना. वर्षभराचा रुग्णसेवेचा डिप्लोमा, फी नावापुरती, आणि पास झालं की शहरातल्या एखाद्या दवाखान्यात काम मिळण्याची बऱ्यापैकी खात्री. योजना चांगली होती, यात वाद नाही. योजना बहुतेक चांगल्याच असतात, त्या राबवायला मात्र आपल्यासारखीच माणसं मिळतात.

नंदिनी तिथली समन्वयक होती, तीही कंत्राटी. दरवर्षी जूनमध्ये तिची नवी ऑर्डर निघायची आणि दरवर्षी मे महिन्यात तिची झोप उडायची. ऑर्डरवर सही करणारे, कॉलेज चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष भैय्याजी इतवारी बाजारातले कापडाचे ठोक व्यापारी, बोलायला गोड आणि नाही म्हणायला त्याहून गोड. गेल्या जुलैत तेहेतीसच अर्ज आले, आणि चाळीस नावं भरली नाहीत तर अनुदान नाही असा नियम होता. भैय्याजींनी बसल्या बसल्या सहा नावं काढून दिली: भाचा अंकित, ड्रायव्हरची बायको, दुकानातले तिघे नोकर आणि सुनेची बहीण. सातवं नाव काही केल्या सुचेना. ते नंदिनीने सुचवलं. कॉलेजात झाडूपोछा करणाऱ्या अंजनाबाई दहावी पास आहेत, हे तिला कधीतरी बोलण्यातून कळलं होतं.

तिने त्यांच्याकडे आधार कार्ड आणि दहावीची मार्कशीट मागितली. कशासाठी ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अंजनाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. पिशवीत पिशवी, त्यात आणखी एक पिशवी, आणि तिच्यात लॅमिनेशन केलेली मार्कशीट. उमरेडकडची शाळा, एकोणीसशे शहाण्णव साल, सेकंड क्लास.

"मले परमनंट करून राहिले का मॅडम?" त्यांनी विचारलं होतं.

"बघू," नंदिनी म्हणाली होती. या एका ‘बघू’च्या खुंटीवर आपल्याकडे किती माणसं जन्मभर टांगलेली आहेत, त्याची गणती कुणी केलेली नाही.

पण सरकारचे मोबाइल संदेश खरा-खोटा विद्यार्थी ओळखत नाहीत. नोव्हेंबरात सगळ्या चाळीस जणांना एकदम संदेश गेले: आपली हजेरी कमी आहे, पंचाहत्तर टक्के भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. अंकितने तो वाचून पुसून टाकला असेल. अंजनाबाई मात्र हातातला झाडू तसाच घेऊन नंदिनीच्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, हे काय होय? माही हजेरी तं मस्टरवर पुरी आहे. एक खाडा नाई."

चोराच्या मनात चांदणं. नंदिनी गडबडली आणि तोंडाला आलं ते बोलून गेली. काम करता करता शिकता येतं, तुमचं नाव घातलंय, म्हटलं तुम्हाला आवडेल. अंजनाबाईंनी तो संदेश पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "आवडंल ना. काहून नाई आवडणार?" आणि त्याच दिवशी अकरा वाजता, वर्ग झाडून झाल्यावर, त्याच वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. मागची हजेरी त्यांनी सुट्टीच्या दिवशीच्या जादा तासांना बसून भरून काढली. सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूचं त्यांनी एकटीने केलं होतं, त्यामुळे रोग्याला कुशीवर कसं वळवायचं, हे शिकवायला आलेल्या नर्सबाईंनाच त्यांनी दाखवलं. इंग्रजी शब्दांना मात्र त्या घाबरायच्या. मग वर्ग सुटल्यावर नंदिनी त्यांना घेऊन बसायची. नाडी मोजायचा सराव त्यांनी नंदिनीच्याच मनगटावर केला. डोळे मिटून, ओठ हलवत, घड्याळाकडे एका डोळ्याने बघत. "मॅडम, तुमी लई पळता आतून," असं एकदा म्हणाल्यासुद्धा. नंदिनीला त्यांचा लळा लागला होता, हे खरं आहे. पुढे जे सांगायचंय त्यावरून तिला बेगडी समजू नये, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवलं.

मार्चमध्ये दुसरा नियम पुढे आला. आता नुसती नावं भरून भागणार नव्हतं. दाखल झालेल्यांपैकी सत्तर टक्के लोकांनी अभ्यासक्रम पुरा केला पाहिजे, तरच अनुदानाचा पुढचा हप्ता. खऱ्या तेहेतिसांतले सहा जण मधेच गळाले होते, कुणाचं लग्न झालं, कुणी कळमन्याच्या बाजारात हमालीला लागलं. भैय्याजींनी योजनेच्या सरकारी पोर्टलवरचा एक सोयीचा रकाना शोधून काढला. मधेच नोकरी लागलेल्यांना हिशोबातून वगळायची सवलत होती. "मंग लावून टाक ना सातही जणाईले नोकरी," ते फोनवर म्हणाले. सरकारला वर्षानुवर्षं जमलं नाही ते भैय्याजींनी एका दुपारी केलं.

नंदिनीने जुनी फाइल उघडली. फाइलचं नावच ‘सात’ होतं. सातही नावांपुढे खूण केली. फोन अजून चालूच होता आणि त्याच वेळी अंजनाबाई खोलीत फरशी पुसत होत्या. "मॅडम, पाय वर घ्या," त्या म्हणाल्या. नंदिनीने पाय वर घेतले आणि बटण दाबलं.

हे सगळं तिला आज, हॉल तिकिटांचा गठ्ठा हातात असताना, एकदम आठवलं.

तेवढ्यात दारातून हाक आली. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाकांवर नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम अंजनाबाईंचं. हाताला खळ लागलेली, पदर खोचलेला.

"मॅडम, चिठ्ठी एक कमी आली. अठ्ठावीस बाक मांडले मी, अन् चिठ्ठ्या सत्तावीसच. माहीच राहिली वाटते."

"राहिली असेल," नंदिनी म्हणाली. "मी बघते."

"पाहा बरं. नाई तं मी हातानं लिहून लावतो, पेन आहे माह्यापाशी." आणि त्या हसत निघून गेल्या.

नंदिनीने पोर्टलच्या मदत क्रमांकाला फोन लावला. तो लागेपर्यंत ती त्या खोलीत इतक्या येरझारा घालत होती की खालच्या मांडववाल्याने वर मान करून पाहिलं. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं: वगळलेलं नाव परत घेता येतं. अध्यक्षांच्या सहीचा अर्ज लागेल, कारण लिहावं लागेल. आणि एक नाव परत घेतलं की त्या दिवशी वगळलेल्या सगळ्या नावांची पडताळणी होते. घरी फोन जातात.

सगळ्या नावांची. नंदिनीने पाण्याची बाटली तोंडाला लावली, ती रिकामी होती. तिने दुपट्टा तोंडाला गुंडाळला आणि गाडी काढली.

साडेचारचं ऊन, सीट तापलेली, आणि इतवारीत शिरल्यावर हातगाड्या आणि टेम्पोंनी गच्च भरलेल्या गल्लीत तिची गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. प्रत्येक वेळी पाय टेकवताना तिला वाटत होतं की परत फिरावं. कुणी अडवलं नाही म्हणूनच ती पुढे गेली. दुकानात भैय्याजी गादीवर लोडाला टेकून बसले होते.

"अवं बेटा, येवढ्या तपनीत काहून आली? फोन करत ना! थंड पाणी द्या रे हिले."

तिने उभ्यानेच सांगितलं. सही पाहिजे. अंजनाबाईंचं नाव चुकून गेलंय, उद्या परीक्षा आहे. भैय्याजींनी सगळं ऐकून घेतलं. मग नोकराला लांब पाठवलं आणि आवाज खाली आणला.

"अन् बाकीचे सहा? अंकितले इचारतीन कोन्ती नोकरी लागली, तं तो काय सांगन? तो तं सकाळपासून इथं कापडाचे थान मोजून राहिला."

"त्याचं मी..."

"आयक. सत्तावीस जण पास होऊन राहिले. अनुदान येऊन राहिलं. पुढच्या वर्षी साठ सीटा मागून राहिलो मी. उद्या हे कॉलेज बंद पडलं तं त्या साठ गरिबाईनं कुठं जावं? एका बाईपायी?"

यात खोट काढायला जागा नव्हती. खोटं बोलणारा माणूस अधूनमधून इतकं खरं बोलतो की समोरच्याचे हातपाय गळतात.

"त्या पंचेचाळीसच्या आहेत, भैय्याजी. सहा महिने एक दिवस चुकल्या नाहीत."

"मंग शेहेचाळीसच्या होतीन. मरून थोडीच राहिल्या! पुढच्या वर्षी पयली ॲडमिशन त्याईची, मी सोता हार घालतो. अन् तुही ऑर्डर बी या येळी दोन वर्षांची काढतो, दरसाली काय तो ताप." त्यांनी पाण्याचा ग्लास तिच्या हातात दिला. "पी. घाबरल्यावानी दिसून राहिली."

ती पाणी प्यायली. याची तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली. तिथे उभं राहून ती ते सगळं पाणी प्यायली, ‘बरं’ म्हणाली आणि निघाली.

रात्र तिने कुशी बदलत काढली. पहाटे उठून दूध उतू घालवलं, नवऱ्यावर विनाकारण डाफरली, आणि पावणेनऊला कॉलेज गाठलं. अंजनाबाई तिच्याही आधी आल्या होत्या. वर्ग झाडून झाला होता, घंटेपाशी फळा पुसून त्यावर वेळापत्रक लिहिलं होतं, आणि त्यांनी विद्यार्थिनींचा पांढरा कोट अंगात घातला होता. शेवटच्या बाकावर वहीच्या कागदाची एक चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर निळ्या पेनाने, रेघ मारून, अठ्ठावीस लिहिलं होतं.

"आला का मॅडम माहा नंबर?"

"येतोय," नंदिनी म्हणाली आणि उगाचच जिना उतरून खाली गेली, मग परत वर आली.

साडेनऊला निरीक्षक आले. अश्विन गेडाम नावाचा तिशीतला माणूस, विभागीय कार्यालयातून आलेला, बगलेत सीलबंद पाकिटं. त्यांनी खुर्ची पुसून घेतली, चहा नको म्हणाले आणि पाकिटं मोजायला बसले. नंदिनी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत तीनदा गेली. पहिल्यांदा पंखा हवा का विचारून आली. दुसऱ्यांदा मुलं वेळेवर येतील असं सांगून आली. तिसऱ्यांदा नुसतीच उभी राहिली.

"काही बोलायचंय का मॅडम?" गेडामांनी वर न बघता विचारलं.

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. बाहेर मुलं जमली होती, एकमेकांच्या मनगटाला धरून नाडी कुठे लागते ते घोकत होती. त्यांच्या मधोमध अंजनाबाई कुणाला तरी समजावून सांगत होत्या, "आंगठ्यानं नाई पाहायची बाप्पा, आंगठ्याची सोताची नाडी असते, ती फसवते."

नंदिनी आत गेली आणि दार लोटून घेतलं. मग ती बोलली. सुरुवात कुठून करावी ते न कळल्यामुळे तिने शेवटापासून सुरुवात केली, मग जुलैवर गेली, मग मार्चवर आली. सातपैकी सहा जण कधीच नव्हते आणि एक आहे, बाहेर उभी आहे, असं तिने सांगितलं. गेडामांनी पाकिटं बाजूला ठेवली.

"हे तुम्ही मला काहून सांगून राहिल्या?" सरकारी मराठी सुटून त्यांच्या तोंडून घरची भाषा आली. "नसतं सांगितलं तर कोणाले कळणार नव्हतं."

"त्या बाहेर उभ्या आहेत म्हणून," ती म्हणाली.

त्यांनी हजेरीपट मागवला. नोव्हेंबरपासून मेपर्यंत एकेक पान उलटलं. अंजनाबाईंच्या सह्या शोधाव्या लागत नव्हत्या. त्या पूर्ण नाव लिहायच्या, रकान्याबाहेर जायच्या. गेडामांनी विभागीय कार्यालयात फोन लावला, खिडकीपाशी जाऊन हळू आवाजात बोलले, दोनदा ‘हो सर’ म्हणाले, एकदा ‘नाही सर, हजेरी मी स्वतः पाहिली’ म्हणाले. परत येऊन त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

"लेखी द्या. सगळं. सातही नावं, कुणी सांगितलं, कुणी भरलं. सत्तावीस जणांची परीक्षा ठरल्याप्रमाणे होईल, त्यांचा यात दोष नाही. या बाईंना तात्पुरत्या परवानगीवर बसवतो, निकाल चौकशीपर्यंत राखून ठेवू. हप्ता थांबेल. आणि तुमचं..." ते थांबले. "तुमचं तुम्हाला माहीत आहे."

तिने लिहिलं. शेवटची ओळ ‘सदर नोंद मी स्वतः केली’ अशी लिहिली आणि खाली सही केली. कालपासूनची आतली पळापळ एकदम थांबली होती. आपण काहीतरी चांगलं केलं, असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर ते कुणीतरी म्हणावं असंही वाटलं, आणि म्हणणारं माणूस बाहेर व्हरांड्यातच होतं.

अकराला दहा कमी होते. मुलं आत जाऊन बसत होती. नंदिनीने अंजनाबाईंना व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेलं आणि परवानगीचा कागद त्यांच्या हातात दिला. परीक्षेआधी सांगावं की नंतर, याचा तिने विचार केला होता. पण कागदावर ‘तात्पुरती’ आणि ‘चौकशी’ असे दोन शब्द होते, आणि अंजनाबाईंना वाचता येत होतं.

म्हणून तिने सांगितलं. मार्कशीट कशासाठी घेतली होती ते. संदेश कसा गेला ते. मार्चमध्ये काय झालं, काल इतवारीत काय झालं आणि आत्ता तिने काय लिहून दिलं ते. "माझी नोकरी बहुतेक जाईल," ती शेवटी म्हणाली, "पण तुम्ही बसा. तुम्ही पास व्हाल."

अंजनाबाईंनी कागद नीट घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. त्यांचा चेहरा रडवेलाही झाला नाही आणि खुलला तर नाहीच.

"एक इचारू का मॅडम?"

"विचारा ना."

"जुलैमंदी नाव खोटं टाकलं, ते समजलं. तवा मी झाडूच मारत होती. पण मार्चमंदी?" त्यांचा आवाज वर गेला नाही. "मार्चमंदी तं मी रोज तुमच्या म्होरं बसून राहिली होती. तुमचाच हात धरून नाडी पाहाले शिकली. तवाबी मी त्या सहा जणाईतलीच होती?"

नंदिनीला खूप काही सांगायचं होतं. घाई होती, फाइल जुनी होती, भैय्याजींचा फोन चालू होता. यातलं प्रत्येक कारण खरं होतं.

"मी विसरले, अंजनाबाई," ती म्हणाली. "त्या यादीत तुम्ही आहात, हेच विसरले."

"मले नाई विसरल्या तुमी," अंजनाबाई म्हणाल्या. "भैय्याजीचा फोन चालू होता त्या टायमाले मी तिथंच होती, फरशी पुसून राहिली होती. पाय वर घेतले ना तुमी."

घंटा झाली. ती नेहमी अंजनाबाईच द्यायच्या. आज वर्गातल्या एका मुलाने दिली, आणि जरा जास्तच वेळ दिली. अंजनाबाईंनी कोटाची बटणं लावली, आत गेल्या आणि मागे न पाहता शेवटच्या बाकावर बसल्या. गेडामांनी उत्तरपत्रिका वाटायला घेतल्या. नंदिनी सवयीने त्यांच्या मागोमाग आत निघाली, तेव्हा त्यांनी हात आडवा केला.

"मॅडम, तुम्ही नाही," ते म्हणाले. "आत फक्त विद्यार्थी." आणि त्यांनी दार लावून घेतलं.